फेकी गहिनीनाथ

घोडेगावच्या टेनिस-बॉल स्पर्धेत गहिनीनाथ शिरसाठनं बॉल टाकला की दोन गोष्टी हमखास व्हायच्या. स्टंप उडायचा आणि अंपायरचा हात आडवा व्हायचा. "फेकी हाय! नो-बॉल!" मी त्याचा विकेटकीपर, त्यामुळं असे किती स्टंप फुकट गेले ते मलाच ठाऊक. त्याचा हात कोपरात वाकायचाच. एकदा कोपराला पट्ट्या बांधून त्यानं सरळ हातानं बॉल टाकला, तो थेट लेगच्या अंपायरच्या पोटात बसला. त्या दिवसापासून तो कुठल्याच संघाला नको झाला.

त्या मॅचला अब्राहाम साळवे सर पाहुणे होते. नेवाशाकडच्या एका शाळेत ते खेळ शिकवायचे. बक्षीस समारंभ सोडून ते गहिनीनाथकडं आले.

"बाळा, तुझा हात चुकीचा नाही. खेळ चुकीचा आहे."

सरांनी त्याला बेसबॉल शिकवला. तिथं पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, हात वाकवूनच फेकायचं. पहिले चार दिवस हा प्रत्येक बॉलनंतर सवयीनं अंपायरला "सॉरी" म्हणायचा.

सात वर्षं तो आधी जिल्ह्याकडून, मग राज्याकडून खेळला. खांदा गेला, तेव्हा नगरच्या एका खाजगी क्लबनं त्याला पगारी पिचिंग कोच नेमलं. आता हे गावात सांगायचं कसं? त्याची आई बनुबाई शेजारणीला म्हणाली, "पोरगं नगरला पोरींना फेकायला शिकवतंय."

"त्याला काय शिकवनी लागती?" शेजारीण म्हणाली. "आमचं मालक तर घरबसल्या फेकत्यात!"

गेल्या वर्षी क्लबच्या मुलींची अंतिम मॅच होती, मीही बघायला गेलो होतो. शेवटचा डाव, आपली एका धावेची आघाडी, समोरची आणखी एकच मुलगी बाद करायची राहिलेली, आणि तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, त्यांच्या मुली उभ्या. आमची पिचर धनश्री. तिचे लागोपाठ सात बॉल बाहेर गेलेले. मॅनेजर बिभीषण सर ओरडले, "अहो कोच, जा, तिला काहीतरी सांगा!"

गहिनीनाथ मैदानात गेला. तिथं काय बोलणं झालं, ते धनश्रीनं आम्हाला नंतर सांगितलं.

"सर, हात थरथरतोय माझा."

"माझा बी. ह्यो बघ." त्यानं हात पुढं केला. तो तिच्यापेक्षा जास्त हलत होता.

"मग आता काय करू?"

"मला काय ठाऊक? मी बुटाची नाडी बांधतो, तवर तू दम खा."

त्यानं नाडी सोडली, बांधली. मग दुसऱ्या बुटाची. अंपायर ओरडत आला, तेव्हा तिसरा बूट शोधत असल्यासारखा तो खाली बघत होता. धनश्रीला हसू फुटलं. पुढचा बॉल तिनं सरळ टाकला. समोरच्या मुलीनं तो असा हाणला, की धनश्रीनं डोळे मिटून हातमोजा तोंडापुढं धरला. डोळे उघडले, तर बॉल हातमोज्यात. मॅच आपली!

बिभीषण सरांनी विचारलं, "कोणतं तंत्र सांगितलंत?" गहिनीनाथ गंभीरपणे म्हणाला, "श्वासाचं."

महिन्याभरात धनश्रीची राज्याच्या संघात निवड झाली. तिला गाडीत बसवायला गहिनीनाथ नगर स्टेशनवर गेला. डब्यात बसून सूचना देता देता गाडी सुटली तरी ह्याला पत्ता नाही. कोपरगावच्या फलाटावरून मला त्याचा फोन आला.

"अरे, तिला एका बॉलची पकड सांगायची राहिली हुती."

"मग सांगितलीस का?"

"न्हाई रे. तिच्या आईनं धपाटी दिलेली. जेवलो आमी."