केळी कोणी कापल्या?

असोद्याची दिपमाला बी.एस्सी. झालेली होती, आणि लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग एवढाच झाला की नवऱ्याला, भूषणला, टोमणे मारायला विषय मिळाला. शास्त्रज्ञीणबाई, भाकर करपली, असं म्हणायचा आणि भाकर करपलेली नसली तरी हात उगारायचा. अशा माणसाला रागीट म्हणून सोडून देतात आपल्याकडे. खरं तर तो भ्याड होता.

जळगावजवळच्या एका लॅबमध्ये केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करायला माणसं हवी होती. मुलाखत इंग्रजीत. म्हणून आईच्या औषधांचं निमित्त सांगून दिपमाला जळगावला पलक मॅडमच्या क्लासला जाऊ लागली. मॅडमची शिकवायची तऱ्हा न्यारी. पूर्वी काय काय चालायचं ते 'यूज्ड टू' लावून सांगायचं, आणि वाक्यं सगळी विज्ञानातल्या बायकांची. एक बाई तळघरातल्या सुतारकामाच्या खोलीत प्रयोग करायची, कारण वरच्या प्रयोगशाळेत बायकांना मज्जाव असायचा. दुसरीचा भाऊ दुर्बिणीचा आरसा घासत बसायचा तेव्हा ती त्याला घास भरवायची. पुढे तिने स्वतःच धूमकेतू शोधले. काम बाई करायची, नाव पुरुषाचं लागायचं. हे शेवटचं वाक्य दिपमाला भरिताची वांगी ठेचताना घोकायची. मुसळीच्या प्रत्येक ठोक्याला एक 'यूज्ड टू'.

मुलाखतीच्या सकाळी भूषणला कळलं. त्याने अगदी शांतपणे विचारलं, तिथे काम काय असतं. ती भाबडी भरभरून सांगून बसली, की पात्याने कोवळा कोंब कापायचा, सगळं बोटांचं कसब. त्याने तिचा उजवा हात धरला, दाराच्या चौकटीवर दाबला आणि दार लोटलं. एकदा नाही, हाडांचा आवाज येईपर्यंत. मग मोटारसायकल काढून सावद्याला निघून गेला.

ती रडली. हात जुन्या पातळाच्या चिंधीत बांधला. जळगावची बस गेल्याचा हॉर्न ऐकला, आणि भर दुपारी डाव्या हातात कोयता घेऊन मळ्यात गेली. केळीचं खोड मऊ, ते डाव्या हाताचंही ऐकतं. काढणीला आलेले घड एकामागून एक चिखलात आपटत गेले, चीक तिच्या तोंडावर उडत राहिला. तिला बरं वाटत होतं, ते कशाला लपवा.

संध्याकाळी भूषणने आडवी झालेली बाग पाहिली. उभी केळी कापली म्हणजे वैऱ्याचं काम, हे इकडे पोरासोरांनाही ठाऊक. शेजारच्या योगेंद्रशी बांधावरून वाद होताच. कुणी काही विचारलंच नाही. भूषणने आणि त्याच्या चुलतभावांनी योगेंद्रला बांधापाशीच पाडलं, लाथा घातल्या. पहिल्याच काठीत त्याचं डोकं फुटलं. भूषणने लोखंडी पहार उचलली, तोच उभ्या राहिलेल्या शेवटच्या रांगेतून दिपमाला धावत आली. कोयता अजून तिच्या डाव्या हातात होता.

"त्याले सोडा. केयी मी कापल्या."

भूषण हसला. चुलतभाऊही हसले.

"तुह्याच्यानं व्हते का एवढं? तुहा हात पाह्य. घरी जाय."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. बाग आडवी केली तिने, आणि नाव लागणार योगेंद्रचं? वर जीवही त्याचाच जाणार. ती उरलेल्या रांगेकडे वळली आणि कोयता फिरवला. तिला ओढायला आलेल्या भूषणच्या पायावर घड कोसळला. मग दुसरी केळ. मग तिसरी. चौथ्यांदा कोयता उचलला तेव्हा तिचं तोंड भूषणकडे होतं आणि पातं त्याच्या गळ्यासमोर. आता कुणी हसलं नाही. पहार आपसूक खाली आली, आणि योगेंद्रच्या बायकोने रक्तबंबाळ नवऱ्याला ओढत घरी नेलं.

सरकारी दवाखान्यात हवालदाराने एवढंच विचारलं, की हात कोणी मोडला. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. ते लिहून घेऊन हवालदार उठायला लागला तसं तिने त्याला थांबवलं.

"केळी मी कापल्या," ती म्हणाली. "तिथं माझं नाव लिहा."