दादाचं गरीब बालपण

माझा भाऊ विलायतेत टीव्हीवर नट आहे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांना सांगितलंय की आता त्याची शिसारी येते. लग्न ठरताना सासरच्यांना सांगितलं तेव्हा मान ताठ होती. बँकेत नोकरीला लागले तेव्हा सहज सांगितल्यासारखं करून सगळ्यांना सांगितलं. आता कुणी विचारलं, भाऊ काय करतो, तर मी "बाहेर असतो" म्हणते आणि चहा टाकायला उठते.

आमची वाडी वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. केळी, नारळ, पानवेली, कुंपणाला सोनचाफा आणि मागे बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. घर दुमजली, ओटीवर झोपाळा. आम्ही कुणी सावकार नव्हतो, पण दारात आलेलं पोर हातावर केळं पडल्याशिवाय परत गेलं नाही. दादाचे तर जेवणाचे नखरे होते. आई त्याच्यामागे ताट घेऊन बावखलापर्यंत जायची, आणि हा आंब्यावर चढून बसायचा. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे दादाने याचं काय केलं ते ऐकायचं आहे.

दादा हॉटेलचं शिकायला लंडनला गेला आणि तिथे नाटकाच्या नादी लागला. टीव्हीवरची त्याची पहिली भूमिका प्रेताची होती. एका इस्पितळाच्या मालिकेत चादरीखालून त्याचा पाय दिसला. आईने तो पाय ओळखला आणि देवापुढे दिवा लावला. मग तो दुकानदार झाला. मग टॅक्सीवाला, मग परत दुकानदार, मग लग्नातून पळून गेलेल्या मुलीचा खवळलेला बाप. त्या दुकानदाराचं जे मोडकंतोडकं, हेल काढलेलं इंग्रजी होतं, ते आमच्या उभ्या खानदानात कुणी बोलत नाही. दादाही बोलत नव्हता. ते त्याला शिकवायला एक बाई ठेवली होती, आणि ती बाई इंग्रज होती.

दुसऱ्या दुकानदाराला चोरांनी भोसकलं. दादाने पाठवलेली ती कॅसेट बघून आई त्या दिवशी जेवली नाही. दादाला फोन लावून "तू बरा आहेस ना" असं तीनतीनदा विचारलं, आणि दादा हसून हसून बेजार झाला. पुढे आई गेली. त्यानंतर त्याला ती मोठी मालिका मिळाली, पोलिसांना मदत करणाऱ्या डॉक्टरची. ती वर्षानुवर्षं चालली. रस्त्यात लोक त्याला थांबवून फोटो काढायला लागले. बाबा देवळात जाताना भेटेल त्याला सांगायचे, "माझा मुलगा तिकडे डॉक्टर आहे," आणि मग जरा हळू आवाजात, "टीव्हीत."

मग ती मुलाखत आली. कॅनडातल्या आमच्या आतेभावाने ती सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, खाली हसण्याची चित्रं लावून. दादा मखमली कोट घालून बसला होता आणि डोळे खाली करून सांगत होता, मी झोपडपट्टीत वाढलो, एका खोलीत आम्ही सहा जण, कितीतरी रात्री उपाशी झोपलो. घरात आम्ही चौघं होतो. उरलेले दोघं कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

मी त्याच दिवशी फोन लावला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"अगं, मी कुठे काय ठरवून बोललो?" दादा म्हणाला. "मी इथे आलो तेव्हा त्यांनीच ठरवलं होतं मी कुठून आलो असेन ते. मी फक्त नाही म्हटलं नाही. एकदा नाही म्हटलं नाही, की दुसऱ्यांदा म्हणता येत नाही."

"वाडी आहे म्हणायला काय झालं होतं तुला?"

"केळीच्या बागेतल्या खात्यापित्या घरातला मुलगा कोणाला हवाय गं इथे? त्यांना तो कळतच नाही."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला थोडं पटलं, आणि पटलं म्हणून राग आणखी वाढला. मी ठरवलं, बाबांना कळू द्यायचं नाही. पण आमच्या आळीत अशा बातम्या दडत नाहीत. देवळात कुणीतरी बाबांना म्हणालंच, "काय हो, पोराला उपाशी ठेवत होतात?" बाबा घरी आले, झोपाळ्यावर बसले आणि आमच्या घरच्या बोलीत मला एवढंच विचारलं, "मी त्याला उपाशी ठेवला, असा बोलला तो?"

मी म्हटलं, "चुकून बोलला असेल."

त्यानंतर बाबांनी देवळात जायचं बंद केलं. माणूस ऐंशी पार केलेला. आयुष्यभरात त्यांच्या नावावर दुसरं काही नव्हतं, ना पद, ना मानपत्र. घरातलं आणि दारातलं कुणी उपाशी राहिलं नाही, एवढीच त्यांची कमाई. ती त्यांच्या मुलाने मखमली कोट घालून पुसून टाकली होती.

त्यामुळे दादा शूटिंगसाठी येतोय असं कळलं तेव्हा बाबांना नव्याने धुमारे फुटले. तिकडच्या प्रसिद्ध माणसांना त्यांच्या मूळ गावी नेऊन दाखवायचा काहीतरी कार्यक्रम होता. बाबांना वाटलं, पोराला चूक कळली, आता तो त्या लोकांना वाडी दाखवणार. त्यांनी केळींची वाळकी पानं काढून घेतली, बावखलाचा काठ साफ करून घेतला. वरच्या खोलीत नवी गादी आली. मी रोज वसईच्या पूर्वेला, एव्हरशाईनमधल्या माझ्या घरून स्कूटरने जाऊन बघायची, आणि रोज काहीतरी नवीन घासलेलं पुसलेलं असायचं.

दादा आला तो थेट शूटिंगवाल्यांबरोबर, आणि मुक्काम हॉटेलात. बाबांच्या पाया पडला, मला मिठी मारली. दिग्दर्शिका एक उंच, गोड बोलणारी बाई होती. ती वाडीभर फिरली, चाफ्याचं फूल हुंगलं, बावखलाचे फोनवर फोटो काढले. मग दादाजवळ येऊन इंग्रजीत म्हणाली, "फार सुंदर आहे. तीच अडचण आहे." ती हे माझ्यासमोर म्हणाली. मला इंग्रजी येत नाही असं तिला दादाकडूनच कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी शूटिंगवाल्यांनी नालासोपाऱ्यात एका चाळीत खोली घेतली, दिवसभरासाठी, आणि बाबांना आणि मला तिथे नेलं. तिथे राहणाऱ्या बाईला सामान बाजूला करायला सांगितलं. टीव्ही बाहेर गॅलरीत गेला. फ्रीज हलेना, म्हणून त्याच्यावर चादर टाकायला लागले तेव्हा ती बाई उखडली.

"आमचा फ्रीज काय चोरीचा आहे का? हप्ते भरून घेतलाय. झाकताय कशाला?"

त्यांनी चादर टाकलीच. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिची माफी मागावी की तिच्या बाजूने भांडावं ते मला कळेना. तिने बाबांना मात्र आपण होऊन खुर्ची दिली आणि माठातलं पाणी दिलं.

दादाने बाबांना सांगितलं होतं की हा मालिकेचाच एक सीन आहे, त्यात तुम्ही माझे वडील म्हणून बसायचं. बाबा मला म्हणाले, "त्याचा काम हाय ना? बसू आपन." मी घरी चला म्हटलं तर हातानेच गप्प केलं. अंगातला इस्त्रीचा सदरा काढून दुसऱ्या कुणाचा तरी जुना घालायला लावला, तोही घातला. मी दाराबाहेर उभी होते. आत जागाच नव्हती.

दादा बाबांच्या पायाशी बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि आमच्या बोलीत विचारलं, इथलं काय आठवतं तुम्हाला. बाबा सावकाश म्हणाले, "पोरा, हा घर आपला नाय. आपल्या घरात तू कवा उपाशी झोपला नाय. मना घरी ने."

कॅमेरावाल्यांपैकी कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. त्या सगळ्यांत कळणारा एकटा दादा होता. त्याचे डोळे भरून आले, ते मी बघितलं, आणि ते खरे भरले होते असं मी आजही म्हणेन. मग तो कॅमेऱ्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. तेवढ्यात गॅलरीत शेजारच्या मिक्सरचा आवाज सुरू झाला, मला ते ऐकू आलं नाही. दिग्दर्शिकेने छातीवर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा खुशीत होते. "मी बोललो सगला," ते म्हणाले. "त्याने सांगितला त्यांना. मी बघितला, ती बाय रडत होती." मी विचार केला, दादाने या एका क्षणी तरी खरं सांगितलं असेल. डोळे भरलेला माणूस खोटं कसं बोलेल? नटाची बहीण असून मी इतकी खुळी होते.

वरच्या खोलीतली नवी गादी तशीच राहिली. विमानाची वेळ जवळ आली होती म्हणे. त्यावरून मी बाबांसमोर दादाला बरंच काही बोलले.

काही महिन्यांनी कार्यक्रमाची लिंक आली. बाबांनी हट्ट धरला की चार माणसं बोलवायचीच, त्यात देवळात टोमणा मारणारे ते गृहस्थही. त्यांना मुद्दाम पुढची खुर्ची दिली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. नालासोपाऱ्याची गल्ली आली, ती खोली आली, चादर पांघरलेला फ्रीज आला. मग बाबांचा आवाज, स्वच्छ, आमच्या बोलीत: हा घर आपला नाय. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. टोमणा मारणाऱ्याने मान डोलावली. बाबांची छाती फुगलेली मला मागून दिसत होती.

आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली: या घरात आपण उपाशी झोपायचो, पोरा. तरी हेच माझं घर आहे. पाठोपाठ दादाचा चेहरा, तेच शब्द त्याच्या तोंडी, आणि गालावरून ओघळणारं पाणी.

पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी वाचलं असणार, कारण ते आपल्या चपला शोधायला लागले. बाबांना हल्ली चेहरे दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. पेपरसुद्धा मीच वाचून दाखवते. आणि दादाचं ते इंग्रजी त्यांना समजत नाही.

ते माझ्याकडे वळले. "बाय, खाली काय लिवलाय?"

दादाला शिव्या घालायला माझ्याकडे त्या क्षणी अख्खं शब्दभांडार तयार होतं. सगळ्यांसमोर सांगून टाकावं, एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, असं ओठांवर आलं होतं. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

"तुम्ही बोललात तेच लिहिलंय, बाबा," मी म्हटलं. "शब्दाला शब्द."

बाबा खुर्चीत मागे टेकले. सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. आणि मग मला म्हणाले, "बघ. आनि तू उगाच त्याच्या नावाने खडे फोडत होती."