एका वेळी एकच पुस्तक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी दात काढले तर मी चहा टाकून उठेन. गाढवपणा माझा आहे, तो मीच सांगणार.

म्हसावदजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाची मी ग्रंथपाल. मागच्या उन्हाळ्यात कुणा भल्या माणसाने सहा स्वस्तातले टॅबलेट पाठवले, प्रत्येकात पुस्तकंच पुस्तकं. आमचे अध्यक्ष, म्हणजे माझे चुलतदीर नाना, म्हणाले, "वहिनी, वावरमाधल्या बाया या पाटीवर वाचतीन का? महिनाभर देखस मी. रजिस्टर रिकामं ऱ्हायनं तं समद्या पाट्या परत."

माझं डोकं फिरलं. कागदाचं नवं पुस्तक आमच्याकडे पोचेपर्यंत जुनं होतं, आणि दारात आलेली पुस्तकं परत पाठवायची? म्हटलं, नाना, रजिस्टर भरून दाखवते.

आता वाचनालयाचा नियम काय? एका वेळी एकच पुस्तक. पाटी आली म्हणून मी नियम मोडू? छे. मी टॅबलेटवर एक पुस्तक उघडून द्यायची, रजिस्टरला नोंद करायची आणि दम भरायची, "बाकीच्याला बोट लावायचं नाही. हे संपलं की इथे या, मी दुसरं उघडून देते."

आणि बायका यायच्या हो! शेजारची तारा पपईच्या मळ्यातून भर उन्हात, दर दोन दिवसांनी. मी ऐटीत एक बोट लावायची, पुस्तक उघडायचं, ती मान डोलवून जायची. एकदा दिवस चुकला म्हणून मी तिला बोललेसुद्धा. महिनाअखेरीस रजिस्टरला जादा पानं शिवावी लागली.

मीटिंगमध्ये नानांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "मानलं, वहिनी." मग काय, मी सगळ्यांसमोर उभी राहून माझी पद्धत सांगितली. मी उघडून दिल्याशिवाय इथे कुणी पुढचं पुस्तक वाचूच शकत नाही, म्हटलं.

मागे बायकांनी तोंडाला पदर लावले. नानांनी एक टॅबलेट उचलला आणि सहज बोट फिरवून एकामागून एक चार पुस्तकं उघडून दाखवली.

मी ताराकडे बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "आक्का, आमले पह्यलाच दिनले समजनं. मी तं समदा पुस्तकं वाची टाक्यात."

"मंग उन्हमा कसाले येत व्हती?" मी विचारलं.

"रजिस्टर भरनं नही तं पाट्या परत जातीन, म्हनीसन. आनि तुमले सांगाले भ्याव वाटे."

मला रडू आलं, रागही आला, आणि कुणाचा ते कळेना. पाट्या मात्र राहिल्या. नाना नको म्हणाले असते तरी मी पाट्यांच्या कपाटाची किल्ली दिली नसती.

शेतातल्या बायकांना टॅबलेट जमत नाही, असं कुणी म्हटलं की मी आजही भांडायला उठते. आमच्या गावात तो न जमलेली बाई एकच निघाली, आणि तिला गावाने ग्रंथपाल करून ठेवलंय.