तूप पावलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण माझी कीव करू नका — केलीत तर मला रागच येईल.

करोनाच्या साथीत आमच्या कुंभकोणमच्या घरात मी आणि धाकटी जाऊ तुळसा, दोघी एकदमच तापानं पडलो. बऱ्या झालो, पण माझ्या पाळीचं तंत्रच बिघडलं. आधी गायब, मग कधीही, कसंही. डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, या तापानंतर बऱ्याच जणींचं असं होतंय, घाबरू नका.

पण मी घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीला. आमच्याकडे पाळीत अजून बाजूला बसतात. स्वयंपाकघर नाही, देव नाही. आणि मी — थोरली सून — अंगावरून जात असताना विठोबाचा नैवेद्य रांधत होते. एकदा नाही, कितीदा तरी. रोज उठून कोण बाजूला बसणार? आणि मग घर कोण बघणार? त्या रीतीचा मला संताप येतो. पण तो मनातल्या मनात. तोंड उघडायची हिंमत कुठं होती?

तेवढ्यात तुळसाची पाळी चुकली. मूल व्हावं म्हणून ती तिरुक्करुगावूरच्या देवीच्या प्रसादाचं तूप खात होती. सासूबाईंनी तपासणीसुद्धा करू दिली नाही. गोविंदपुरम्‌च्या विठोबाच्या देवळातल्या भजनात तिला दिवस गेल्याचं सगळ्यांना सांगून मोकळ्या. तुळसा माझ्याकडे आली. "अक्का, मला तर काहीच वाटत नाही. हे तापामुळं तर नाही ना?"

काय अवघड होतं हो बोलायला? माझंही तसंच झालंय — एवढंच. पण मग सासूबाईंनी विचारलं असतं, कधीपासून? आणि नैवेद्य कुणी केला? मी म्हटलं, "वेडी आहेस. तूप पावलं तुला."

पुढं तिच्या अंगावरून जायला लागलं. जड समई उचललीस, पोर घालवलंस — सासूबाई तोंडाला येईल ते बोलल्या. मी तिथंच भात वाढत होते. हात थांबलासुद्धा नाही माझा. आजही डोहाळजेवणाला, पोर घालवलेली म्हणून, तिला कुणी बोलावत नाही, मला बोलावतात. मी जातेही.

दर शुक्रवारी ती देवीकडे जाते — जे पोर बहुधा नव्हतंच, त्याची क्षमा मागायला. केळीच्या पानात फुलं मीच बांधून देते.