किनुएबाई आणि नणंदेचं योकान

साठी उलटल्यावर किनुएबाई पुन्हा बोहल्यावर चढणार, ही बातमी फुकुईतल्या आमच्या आळीत पसरवली ती न्हाव्याच्या बायकोने. पुरावा भक्कम होता. बाई दिवसाआड ओठ रंगवून, ठेवणीतला कोट घालून, ओनो गावाला जाणाऱ्या आगगाडीत बसत आणि परतताना रुमालात बांधलेलं काहीतरी चपटं छातीशी धरून आणत. आठवडाभर आळीला थंडी म्हणून वाजली नाही. मग पोस्टमनने रुमालातून डोकावणाऱ्या खोक्यावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि सगळ्यांचा विरस झाला. खोक्यात नवरदेवाकडचं काही नव्हतं, योकान होतं.

योकान म्हणजे आपलं थंडीतलं पक्वान्न, पाणीदार, अझुकीच्या लाल दाण्यांचं नि काळ्या साखरेचं, खोकं हललं की थरथरणारं. बाकीचा जपान ते भर उन्हाळ्यात खातो, त्याला आपण काय करणार?

बाईंची धावपळ होती थोरल्या नणंदेसाठी. मिसाओ-वन्सं, वय अठ्ठ्याऐंशी, तापातून उठून भावजयीकडे राहायला आलेल्या. अन्नावरची वासनाच उडाली होती. वजन आणखी उतरलं तर नवं वर्ष इस्पितळात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि वन्संनी जाहीर केलं होतं की खाईन तर पुलाजवळच्या दुकानातलंच योकान खाईन. ते दुकान वसंतातच कायमचं बंद झालं होतं.

तेव्हा तशाच चवीचं शोधणं आलं. बाईंनी सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानापासून केली, मग आसपासची गावं, साबाए, मिकुनी, कात्सुयामा, ओनो. एका दुकानदाराला त्यांनी अझुकी किती वेळ शिजवता म्हणून इतकं खोदून विचारलं, की त्याने त्यांना सरकारी तपासनीस समजून चहा पाजला.

बाई मूळच्या कानाझावाच्या. तिथे गोड पदार्थ म्हणजे जणू देवघरातली पूजा. त्यात घरात आजारी वडीलधारं माणूस. त्यामुळे प्रत्येक योकानाच्या त्या सुबक वड्या पाडत, लाखेच्या बशीत मांडत आणि हीटर लावलेल्या खोलीत पलंगाशी नेऊन देत. वन्सं एक कण जिभेवर ठेवत आणि बशी परत करत. हे गुळमट आहे. हे चिकट आहे. एकदा तर म्हणाल्या, याला बशीची चव लागते. बाईंना तो टोमणा वाटला.

वर्ष संपायला चार दिवस उरले आणि बर्फाने गाडी बंद पडली. वजनाचा काटा परवाच पाव किलो खाली आला होता. बाई स्टेशनवरून तशाच माघारी फिरल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून खोकं घेतलं, घरी आल्या आणि कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, रजईत पाय खुपसून बसल्या. सुरी, बशी आणायला उठायचं त्राण नव्हतं. खोकं उघडलं, आतली लाकडी पट्टी काढली आणि थेट त्यातूनच खायला लागल्या.

मागे पावलं घासल्याचा आवाज आला. वन्सं भिंतीला धरत आल्या, रजईत पाय सारले, भावजयीच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि खोक्याच्या कोपऱ्यात खुपसली. आपल्याकडे सगळी घरं खातात तसंच. गार हवेत, उबदार पायांनी, खोक्यातून. बघता बघता अर्धं खोकं संपलं.

"हेच," वन्सं म्हणाल्या. "कुठलं हे?"

"कोपऱ्यावरचं. पहिलंच खोकं तिथलं होतं. तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत."

"मग एवढ्या थंडीत गावोगाव कशाला हिंडलीस, वेडे?"

किनुएबाईंनी पट्टी परत आपल्याकडे ओढली.

"वन्सं, तुम्ही अठरा खोकी नाकारलीत, ती सगळी मी खाल्ली. माझी काही तक्रार आहे का?"