सात आठे

सातचा पाढा मला येत नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे बोलायला फार वर्षं लागली, आणि शेवटी ते निघालं पेरूंपायी.

सणसरला आमची पेरूची बाग आहे. संध्याकाळी पडवीत माल भरायचं काम चालतं. बायको एकेका पेरूला फोमची जाळी चढवून खोक्यात लावते, मी खोकी चिकटपट्टीनं बंद करतो, आणि उलट्या क्रेटवर बसून लेक पाढे म्हणते. ती आम्हाला उशिरा झालेली, आता दुसरीत आहे. ओळीनं म्हणायला सांगितलं की सुसाट सुटते. मधलंच विचारलं की अडते आणि तिचा खालचा ओठ बाहेर येतो. तो ओठ मला बघवत नाही. म्हणून मी बायकोच्या पाठीमागे उभा राहून बोटांनी उत्तर दाखवायचो. बायकोला वाटायचं, पोरगी तयार झाली.

"सोमवारी बाई सातचा मधनंच विचारणार हायत," एका संध्याकाळी बायको म्हणाली. "सांग बरं, सात आठे?"

लेकीनं तोंड उघडलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी आधी पाच बोटं दाखवली, मग चार.

"चोपन्न."

बायकोचा हात थांबला. "किती?"

"बरोबर हाय की," मी म्हणालो. आता माघार कशी घ्यायची?

"व्हय? मग मांडा पेरू. सातसातच्या आठ ओळी. तवर मी चहा टाकते."

ती आत गेली. ताडपत्रीवर आम्ही बापलेकीनं ओळी मांडल्या. शेवटची तिनं मांडली. मी मोजायला लागलो. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. जिवात जीव आला. मग दिसलं, शेवटच्या ओळीत पाचच पेरू होते. लेक अगदी शहाण्यासारखी बसलेली, आणि तिचा फ्रॉक पोटाशी फुगलेला.

"हे काय गं?"

"मला छप्पन्नच येत होतं, पप्पा," ती कुजबुजली. "पण तुमी चोपन्न दाखवलं. मम्मी तुमाला बोलंल ना."

मला बसल्या जागी कानकोंडं झालं. पोरीला पाढा येत होता. माझ्या बोटांवर विश्वास ठेवून तिनं तो सोडला, आणि आता मला वाचवायला पेरू लपवत होती. मी तिला शिकवलं म्हणायचं ते एवढंच.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं. फ्रॉकमधले दोन पेरू, बोटं, आणि शाळेत सगळ्यांच्या आवाजात नुसते ओठ हलवून काढलेली वर्षंसुद्धा.

"तरीच," ती म्हणाली. "पोरगी सारखी माझ्या खांद्यावरनं बघती. मला वाटायचं, भिंतीवर पाल हाय." मग कप माझ्या हातात देत म्हणाली, "बसा आता तुमीच क्रेटवर."

मी बसलो. लेक उठली, फ्रॉकमधला एक पेरू घेऊन नेमकी माझ्या जागी, आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"सात नवे?" बायकोनं मला विचारलं.

लेकीनं पेरू दातात धरला, दोन्ही हात मोकळे केले, आणि चिमुकली सहा बोटं वर केली. मग तीन.

मी डोळे मिटले आणि सात एके सातपासून सुरुवात केली.