चांगुणाबाईंचा वारा

चांगुणाबाई बाहेर निघाल्या की आधी पदराचं टोक हवेत धरायच्या आणि मगच उंबरा ओलांडायच्या. बाजार असो नाहीतर कुणाचं लग्न. "खारा वारा सुटलाय गो सुमन, केस बांध," म्हणायच्या. केस माझे बांधलेलेच असायचे! पण सांगणार त्या आणि ऐकणार मी. थोरल्या जाऊबाई ना.

कोपरीला आमचं मिठागर होतं, तेव्हा आम्ही दोघी बांधावर उभ्या राहायचो. सासऱ्यांचा नियम होता, वारा एकीने सांगायचा आणि दुसरीने तो खोडून काढायचा. खोडता आला नाही, तरच खाडीचं पाणी आत घ्यायचं. जाऊबाई सांगायच्या, मी खोडायचे. त्यात माझी अर्धी हयात गेली, आणि नाव कुणाचं झालं? त्यांचं. गावभर "चांगुणाबाईला इचारा."

गेल्या थंडीत खाडीकाठी पवनचक्क्या बसवायच्या का, हे बघणारी माणसं आली. वारा कधी फिरतो, पाखरं कुठून उतरतात, हे इथल्या जुन्या माणसांना विचारून मगच जागा ठरवणार होती. मोटार थेट जाऊबाईंच्या दारात. खुर्ची त्यांना, माइक त्यांच्या पदराला, आणि मला काय? "मावशी, जरा चहा मिळेल?" असं अंग जळलं म्हणून सांगू! वारा काय एकट्या त्यांच्याच अंगाला लागला होता?

जाऊबाई ऐटीत सांगत होत्या, "संध्याकालचं पाखरू जुन्या बांधावरनं उतरतं. तिथं चक्की नको."

मला राहवेना. चहाचा ट्रे हातात धरूनच मी म्हटलं, "खोटं! वारा पडला असला की कांदळवनावरून येतं."

लिहून घेणारी पोरगी गोंधळली. "आजी, नक्की कुणाचं लिहू?"

मला वाटलं, आता जाऊबाई माझी सालटी काढणार. त्या उठल्या आणि मला खुर्चीत बसवलं. "दोघींचं लिव. ही खोडते ना, तवाच माजं खरं का खोटं ते कलतं."

मग दिवेलागणीपर्यंत भांडलो. शेवटी बांध आणि कांदळवन, दोन्ही जागा वगळल्या. फोटो मात्र छापून आला तो त्यांचाच. मी तो अजून पुरता पाहिलेला नाही.

जाऊबाई चैत्रात गेल्या. परवा उरलेल्या जागांचं विचारायला तीच मोटार आली, माझ्या दाराशी थांबली. खुर्ची मला, माइक मला. चहा सुनेने केला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले, ते सगळं आयतं समोर आलं. मी ऐटीत सुरुवात केली, "पावसाळा सरला की वारा फिरतो, डोंगराकडून येतो."

पोरगी भराभर लिहायला लागली. मी सवयीने थांबले. कुणी "खोटं!" म्हणेना. सून म्हणेना, पोरगी म्हणेना, सगळे नुसत्या माना डोलवत होते.

"थांब गं, लिहू नकोस," मी म्हटलं. "हे अजून कुणी खोडलेलं नाही."